चांगली की नुसती हिरवी? जेडचा रंग पारखताना

जेड या दागिन्यांतल्या दगडाचा हिरवा रंग दुकानात पारखू नका. म्हापशाच्या बाजारात आमचं सोन्याचं दुकान आहे, तीस वर्षं मी तिथे बसते, आणि तरीही गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट हीच सांगते: खडा हातात घ्या आणि माझ्याबरोबर मागच्या पडवीत चला.

काउंटरवरचे दिवे सोन्यासाठी लावलेले असतात. त्यांच्या पिवळसर उजेडात सोनं खुलतं आणि जेडमधला करडेपणा लपतो. हिऱ्यांच्या कप्प्यावरचे दिवे निळसर पांढरे असतात; त्यांच्याखाली पिवळट पोपटी खडासुद्धा शुद्ध हिरवा वाटायला लागतो. त्यात डबीच्या आत लाल मखमल. लालाच्या शेजारी हिरवं नेहमीच जास्त हिरवं दिसतं, डोळ्यांचा धर्मच आहे तो. यात दुकानदार लबाडी करतो असं नाही, पण तुमचा निर्णय दिवा आणि मखमल घेतात, तुम्ही नाही.

गेल्या चवथीच्या आधी पेडण्याहून एक आजी आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी जेडची बांगडी काढली. त्यांच्या सासऱ्यांनी मकावहून आणलेली, लग्नात त्यांच्या हातात घातलेली. पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडची माणसं नोकरीला मकावला जात, रंगूनलाही जात, त्यामुळे गोव्यातल्या जुन्या पेट्यांमधून जेड अधूनमधून निघतं. आजी म्हणाल्या, “बाय, ही चांगली की नुसती हिरवी, तेवढं सांग गो मला.”

याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. बाहेर आभाळ काळं झालं होतं, दुपारचे चार वाजून गेलेले. मी म्हटलं, “आजी, उद्या सकाळी दहाला या.”

उजेडाची वेळ सांगते. सकाळी दहा ते अकरा आणि दुपारी तीन ते चार, सावलीत. थेट उन्हात नको, उन्हात खड्याच्या पाठीवरची चमक दिसते, पोटातला रंग दिसत नाही. पावसाळ्यातला ढगाळ पण उजळ दिवस सगळ्यांत उत्तम. पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेकडच्या खिडकीत बसा. ती पुस्तकं थंड देशांतली. आपल्याकडे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, म्हणून त्या दिवसांत उत्तरेच्या पडवीतही ऊन शिरतं. तेव्हा दिशेपेक्षा सावली बघा.

आणि आजूबाजूला काय आहे ते बघा. कुळागरात, केळीच्या खुंटांजवळ बसून जेड बघाल तर पानांचा हिरवा उजेड खड्यात उतरतो आणि फिका खडा भरलेला वाटतो. चिऱ्याच्या उघड्या भिंतीजवळ तांबूस छटा येते. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्यांचा उजेड डोळ्यांना फार सुखाचा, मला स्वतःला त्याच्यासारखा उजेड दुसरा आवडत नाही, पण तो दुधट पिवळसर असतो. तिथे बसून दागिना घालून बघावा, पारखू नये. अंगात पांढरा किंवा राखाडी कपडा असू द्या. हिरवी साडी नेसून हिरवा खडा बघण्यात अर्थ नाही. खड्याखाली पांढरं कापड घ्या, पण नीळ न घातलेलं. आपल्याकडच्या धुतलेल्या पांढऱ्या कापडात निळीची झाक असते आणि ती पातळ खड्यातून वर येते. मी बिनछाप पांढरी बशी वापरते.

एवढं झालं की रंगाकडे वळा. रंग म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र विचारले की घोटाळा होतो.

पहिला, हिरवा कोणत्या बाजूचा? भाताचा तरवा आठवा, लावणीआधीचा: तो पिवळ्याकडे झुकलेला हिरवा. मोराच्या मानेवर निळ्याकडे झुकलेला हिरवा असतो. उत्तम जेडचा रंग या दोन्हींच्या मधला, शुद्ध हिरवा. किंचित पिवळी झाक चालते, काही व्यापाऱ्यांना ती आवडतेही. आपल्या लोकांची एक सवय इथे आड येते. आपल्यासाठी हिरवा खडा म्हणजे पाचू, म्हणून जेडही पाचूशी ताडून बघितलं जातं. पण चांगला पाचू किंचित निळसर असतो. ‘इम्पीरियल ग्रीन’ म्हणतात तो जेडचा सर्वोच्च रंग तितका निळा नसतो. पाचू शेजारी ठेवलात तर सर्वोत्तम जेडही पिवळट वाटून तुम्ही ते नाकाराल. जेडचा जो महागडा प्रकार, जेडाइट, त्याला चिनी लोक फेइत्सुई म्हणतात आणि हा शब्द मूळचा खंड्या पक्ष्याचा आहे. मांडवीच्या काठी तारेवर बसलेला खंड्या ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की त्या नावात नुसता रंग नाही, पिसावरची तकाकीही आहे.

दुसरा प्रश्न, रंग किती भरलेला? इथे खरा शत्रू म्हणजे करडेपणा. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ चढतं, ते पहिल्या आठवड्यात झगझगीत हिरवं असतं आणि भाद्रपदानंतर त्यात राख मिसळल्यासारखं होतं. रंग तोच, जीव गेलेला. जेडमध्ये हा फरक फार मोलाचा असतो. हिरवेपणा मुख्यतः क्रोमियममुळे येतो आणि तो उजळ, ताजा असतो. लोहामुळे येणारा हिरवा मंद, काळपट, कधी निळसर करडा. खनिज एकच, पण रंग देणारं मूलद्रव्य बदललं की खड्याचा चेहराच बदलतो. करडेपणा ओळखायचा असेल तर डोळे अर्धवट मिटून बघा. शुद्ध रंग मिटत्या डोळ्यांतही हिरवाच राहतो, करडा रंग बशीच्या सावलीत मिसळून जातो.

तिसरा, किती गडद? गडद म्हणजे भारी, हा समज मोडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. खडा बोटांत धरून हात पूर्ण लांब करा. जवळून सुंदर हिरवा दिसणारा खडा हातभर अंतरावर काळा पडत असेल तर त्याची किंमत काळ्याची द्या. मग पडवीतून आत या, जिथे उजेड मंद आहे तिथे. उत्तम खडा तिथेही हिरवा म्हणून ओळखू येतो. दागिना शेवटी समारंभात समोरच्या खुर्चीवरूनच बघितला जाणार असतो, भिंगातून नाही.

विक्रेता खिशातून टॉर्च काढून खड्याच्या मागून मारेल. टॉर्चवर सगळंच सुंदर दिसतं, जवळजवळ काळा खडाही पाचूसारखा पेटतो. टॉर्च तडा शोधायला वापरा, डाग शोधायला वापरा. रंग ठरवायला कधीही नाही.

चिनी बाजारात रंगासाठी चार शब्द चालतात: नोंग, चंग, यांग, युन. नोंग म्हणजे भरीवपणा, चंग म्हणजे शुद्धता, यांग म्हणजे तेज, आणि युन म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला असणं. पहिल्या तिघांचं बोलून झालं. चौथ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एकसारखा रंग दुर्मिळ आणि म्हणून महाग, हे खरं. पण पांढऱ्या अंगावर हिरवा ढग उतरलेला खडा, त्या ढगाची कड मऊ असेल तर, मला एकसारख्या पण फिक्या खड्यापेक्षा सरस वाटतो. वाईट असतो तो कापल्यासारखा थांबलेला, ठिपक्याठिपक्यांचा रंग.

रंगाला पाण्याशिवाय जीव नाही. आपल्या पारख्यांचा हा जुनाच शब्द, हिऱ्याचं पाणी, मोत्याचं पाणी. चिनी पारखीही जेडबद्दल पाणी असंच म्हणतात. पारदर्शकतेच्या त्यांच्या पायऱ्या काच, बर्फ, चिकट भात आणि दाणा अशा आहेत. मी गिऱ्हाइकांना उकड्या तांदळाच्या पेजेवरून समजावते. वरची निवळ, तिच्याखालची दाटसर आणि तळाची शितांची. ज्या खड्यात उजेड निवळीसारखा आत शिरतो तिथे थोडासा हिरवाही सगळ्या खड्यात पसरल्यासारखा दिसतो. शितांच्या पेजेसारखा खडा रवाळ असतो, कण डोळ्यांना दिसतात आणि रंग वरच्यावर अडकतो. छापील कागदावर पातळ खडा ठेवून अक्षरं कशी दिसतात ते बघा: स्पष्ट, धूसर की मुळीच नाही.

रंग आणि जाडी यांचं नातं मात्र नीट बघितलंच पाहिजे, कारण किमतीतली मोठी फसगत इथे होते. फार गडद खडा मागून पोखरून पातळ केला की वरून छान मधला हिरवा दिसतो. तो घुमटाच्या आकाराचा, म्हणजे कॅबोशॉन, असतो आणि मागून सोन्याच्या बंद कोंदणात बसवलेला असतो. बंद कोंदणात मागे चमकीचा कागदही असू शकतो, रंगाचा हातही फिरवलेला असू शकतो. म्हणून मागून उघडं कोंदण मागा. ते नसेल तर कडेने बघा, घुमट जेवढा उंच दिसतो तेवढा खडा खरंच भरीव आहे का? पोखरलेला खडा खोटा नसतो, पण त्याची किंमत भरीव खड्याची नसते.

तुलनेशिवाय हे काहीच जमत नाही. रंग आठवणीत टिकत नाही. काल बघितलेला हिरवा आज डोक्यात दोन छटा जास्त सुंदर झालेला असतो. माझ्याकडे काड्यापेटीएवढ्या डबीत पाच छोटे खडे आहेत, फुटक्या दागिन्यांतले, स्वस्तात मिळालेले: एक फिका, एक पिवळट, एक निळसर, एक करडा, एक काळपट. नवा खडा आला की या पाचांच्या ओळीत ठेवते. त्यांच्यात एकही उत्तम नाही. पण समोरचा खडा कोणत्या बाजूला किती झुकलाय ते ही ओळ अर्ध्या मिनिटात सांगते. अर्ध्या मिनिटाहून जास्त बघूही नका. डोळे हिरव्याला सरावतात आणि रंग फिका व्हायला लागतो. मध्ये बशीकडे बघा, मग परत खड्याकडे.

कर्णफुलांची जोडी असेल तर डावं-उजवं बदलून बघा. एका जागेवर जुळलेले दोन खडे जागा बदलल्यावर वेगळे पडले तर जुळणी उजेडाने केलेली होती. जुळणी किती अवघड असते याचं उदाहरण म्हणजे बार्बरा हटन या श्रीमंत अमेरिकन बाईंची जेडची माळ. २७ मणी, सगळ्यांत लहान १५.४ आणि सगळ्यांत मोठा १९.२ मिलिमीटरचा, सगळे एकाच हिरव्याचे. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ती २१.४ कोटी हाँगकाँग डॉलरना गेली. एवढे मणी एका रंगाचे मिळणं हे त्या किमतीचं मोठं कारण.

आता रंग खरा की लावलेला. हे आधी कळायला हवं होतं असं मला एका दिवशी फार वाटलं, म्हणून तो दिवस सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अंगठी मोठी करून घ्यायला आलं. हिरवंगार जेड, पाण्यासारखं नितळ. नियम असा की खडा काढायचा, मग कडी कापायची, तुकडा घालून झाळायची. त्या दिवशी घाई होती, खडा ओल्या कापडात गुंडाळून झाळकाम केलं. ज्योतीची धग कडेने लागली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. कापड सोडलं तर खड्याची एक कड तपकिरी झालेली. जेडला जळक्या प्लास्टिकचा वास येत नाही. तो खडा आम्लात धुऊन, त्याचे डाग काढून, मोकळ्या झालेल्या फटींमध्ये राळेसारखं पॉलिमर भरलेला होता. गिऱ्हाइकाने तो अस्सलच्या किमतीत घेतला होता. चूक माझी होती, मी बघितलं नव्हतं. मी त्यांना पैसे भरून दिले आणि त्यानंतर दुकानात आलेला प्रत्येक जेडचा खडा काम करण्याआधी भिंगाखाली जातो.

बाजारात याला बी-जेड म्हणतात. नुसतं मेणाने चकाकी दिलेलं ते ए, आम्ल आणि पॉलिमरवालं बी, रंगवलेलं सी, आणि दोन्ही केलेलं बी-सी. ही अक्षरं दर्जाची नाहीत, प्रक्रियेची आहेत. ए म्हणजे उत्तम नव्हे. ए-जेडचा रंग भिकार असू शकतो.

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून काय बघायचं? रंगवलेल्या खड्यात हिरवा कणांच्या मधल्या फटींमध्ये साचलेला असतो. रापणीचं जाळं वाळूवर सुकत टाकलेलं वरून बघावं तसं दिसतं: धागे हिरवे, घरं फिकी. अस्सल रंग कणांच्या आत असतो. त्याला मूळ असतं, एके जागी दाट आणि तिथून बाहेर विरळ होत गेलेला. चिनी पारखी त्याला रंगाचं मूळच म्हणतात. मूळ सापडलं की माझा जीव भांड्यात पडतो. बी-जेडच्या पृष्ठभागावर आम्लाने खाल्लेल्या बारीक रेषांचं कोळिष्टक दिसतं, आडव्या उजेडात जास्त स्पष्ट.

चेल्सी फिल्टर म्हणजे खडे पारखायची रंगीत काच; तिच्यातून काही रंगवलेले खडे लालसर दिसतात. लालसर दिसला तर संशय पक्का, पण हिरवा दिसला म्हणून खडा सुटला असं नाही. सगळेच लावलेले रंग तिच्यातून लाल दिसत नाहीत. उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारा छोटा वर्णपटदर्शक असेल तर क्रोमियमच्या अस्सल हिरव्यात लाल भागात ६३०, ६५५ आणि ६९० नॅनोमीटरच्या आसपास पायऱ्यांसारख्या तीन रेषा दिसतात, रंगवलेल्यात त्या जागी एकच रुंद पट्टा. पॉलिमर मात्र डोळ्याने शंभर टक्के कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत अवरक्त किरणांची तपासणी लागते. पैसे मोठे असतील तर प्रमाणपत्रात ‘नैसर्गिक जेडाइट, रंगवलेलं नाही, पॉलिमर नाही’ हे तिन्ही शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लावलेला रंग उन्हात काही वर्षांनी उडतो, पॉलिमर पिवळं पडतं. मग रंगाचा दर्जा ठरवून उपयोग काय?

आणि मुळात दगड जेडाइट आहे ना? जेड या एका नावाखाली दोन खनिजं येतात, जेडाइट आणि नेफ्राइट. ती वेगळी आहेत हे फ्रेंच शास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवलं. उत्तम हिरवं जेडाइट मुख्यतः म्यानमारच्या काचिन भागातून येतं. नेफ्राइट अस्सल आणि चिवट असलं तरी त्याचा हिरवा पालकाच्या भाजीसारखा, मंद. फिरत्या बाजारांत जेड म्हणून मिळणारं पुष्कळसं हिरवं अॅव्हेंचुरीन असतं, आत अभ्रकाची चमचम दिसते. जेडाइटमध्ये अभ्रकाची चमचम नसते. सर्पेंटाइन हा दुसरा हिरवा दगड, तो बहुतेकदा सुईने ओरखडतो. काचेत बुडबुडे दिसतात.

दुसऱ्या दिवशी आजी दहाच्या आधीच आल्या, नातवाबरोबर. पाऊस थांबला होता, आभाळ पांढरं. पडवीत बशीवर बांगडी ठेवली. बहुतेक अंग दुधट पांढरं, आणि साधारण दोन बोटं रुंदीचा एक हिरवा पट्टा. भिंगाखाली जाळं नव्हतं. पट्ट्याच्या मध्ये दाट हिरवा आणि दोन्ही बाजूंना विरत गेलेला, मूळ स्पष्ट. मग तराजू काढला. हवेत वजन ५२.४० ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात बुडवून ३६.७०. फरक १५.७०. हवेतल्या वजनाला या फरकाने भागलं की दगड पाण्याच्या किती पट जड ते कळतं: ३.३४, म्हणजे जेडाइट. नेफ्राइट असतं तर २.९५च्या आसपास आलं असतं. पॉलिमर भरलेलं जेड बाजारात आलं १९८० च्या दशकात आणि आजींचं लग्न त्याच्या खूप आधीचं, तिकडूनही मला धीर होता.

मग रंग. डबीतले पाच खडे ओळीत मांडले. पट्टा पिवळटाच्या जरा अलीकडे बसला, शुद्ध हिरव्याच्या जवळ. करड्याशेजारी ठेवला तेव्हा करडा खडा एकदम मेल्यासारखा दिसला. आजींनी ते स्वतः बघितलं आणि “अगो बाय” म्हणाल्या. हात लांब केला तरी पट्टा हिरवाच राहिला. उणं काय, तर पाणी कमी, मधल्या पेजेसारखं, आणि गडदपणा थोडा कमी. मी सांगितलं, “चांगली आहे आजी, राजाच्या घरची नाही पण चांगली. हिरवा तिचा स्वतःचा आहे. तापवू नका, बाकीच्या दागिन्यांबरोबर एका पिशवीत टाकू नका, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा.”

नातवाने किंमत विचारली. मी अंदाज सांगितला आणि विकायचीच असेल तर आधी प्रयोगशाळेचा कागद करून घ्या म्हटलं. आजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी बांगडी हातात चढवली आणि मनगटावर फिरवून हिरवा पट्टा वर आणला. आतापर्यंत तो खाली, तळहाताच्या बाजूला ठेवून घालत होत्या. हिरवा म्हणजे डाग असेल असं त्यांच्या सासूने सांगितलं होतं.